डिसेंबरची सावली मोजा, मग हरितगृह उभारा

घरच्या बागेत एखादे छोटे हरितगृह असावे, ही हौस आता पुणे-नाशिक-कोल्हापूरच्या बंगल्यांतून गृहसंस्थांच्या आवारापर्यंत पोचली आहे. तयार सांगाडा मिळतो, प्लॅस्टिक आणि जाळी ताणून देणारे कारागीरही मिळतात. काम बहुतेक वेळा उन्हाळ्यात निघते, कारण ते पावसाच्या आत उरकायचे असते. गोची नेमकी इथेच होते. मे महिन्यात जी जागा भर दुपारी लख्ख उन्हात दिसते, तीच डिसेंबरात ऐन दुपारी सावलीत जाऊ शकते. अर्धवट सावलीच्या बागेत हरितगृह उभारणाऱ्याने म्हणूनच आधी हिवाळ्याची सावली मोजावी आणि मगच खिशात हात घालावा.

हिशेब साधा आहे. पुणे साधारण साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला तिथे सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांच्या वर चढत नाही. म्हणजे १० मीटर उंच झाडाची दुपारची सावली उत्तरेकडे ९ मीटर पडते. सकाळी नऊला ती वायव्येकडे २० मीटरच्याही पुढे गेलेली असते. नागपूर आणखी उत्तरेला, त्यामुळे तिथे दुपारची सावलीच जवळजवळ झाडाच्या उंचीएवढी होते. उलट मेच्या मध्यावर पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो. जूनमध्ये तो किंचित उत्तरेला सरकतो आणि त्याच झाडाची दुपारची सावली दक्षिणेला एक मीटरही भरत नाही.

झाडाला निदान फांद्या असतात, मधून कवडसे येतात. इमारतीचे तसे नसते. जुन्या बंगल्याच्या दक्षिणेला पुनर्विकासात बारा मजले उठले आणि इमारत ३६ मीटरची झाली, तर डिसेंबरच्या दुपारी तिची सावली उत्तरेकडे ३२ मीटर जाते. बंगल्याची अख्खी बाग त्यात बुडते. शेजारचा नकाशा मंजूर होऊन काम सुरू व्हायचे असेल, तर त्या बाजूला हरितगृहाचा विचार थांबवलेलाच बरा.

सल्ला मात्र लोक घेतात तो विलायती पुस्तकांतून. तिथे सांगितलेले असते की, दक्षिणेला पानगळीचे झाड असले तरी बिघडत नाही, उन्हाळ्यात ते सावली देईल आणि हिवाळ्यात पाने झडून ऊन येऊ देईल. ब्रिटनमध्ये ते खरे आहे, कारण तिकडची झाडे थंडीपूर्वी पाने टाकतात. आपल्याकडे पिंपळ, कडुनिंब, पळस, पांगारा यांची पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास भरात येते. सावली वर्षात सर्वांत लांब असते त्या डिसेंबरात यातली बरीच झाडे पानांनी भरलेली असतात आणि ऊन तापू लागते तेव्हा ओकीबोकी होतात. आंबा, फणस तर बारमाही हिरवे. त्या पुस्तकांतले हरितगृह ऊब साठवण्यासाठी असते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात ऊब बाहेर कशी काढायची याचीच चिंता. बंद प्लॅस्टिकखाली दुपारी हवा इतकी तापते की रोपे माना टाकतात. तेव्हा छपराला वाऱ्यासाठी वाट आणि बाजूंना गुंडाळता येणारे पडदे असायलाच हवेत.

मग जागा कोणती? पूर्व, आग्नेय आणि दक्षिण मोकळी, आणि झाड किंवा भिंत पश्चिमेला, अशी जागा असेल तर दुसरीकडे शोधू नये. सकाळचे कोवळे ऊन पूर्ण मिळते आणि तीननंतरचा तडाखा झाड अंगावर घेते. टोमॅटो, ढोबळी मिरची, काकडी यांना रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. पालक, मेथी, कोथिंबीर चार तासांवरही निभावून नेतात. त्याहून कमी ऊन असेल तर तिथे भाजीसाठी पैसे घालू नयेत. नेचे, अँथुरियम, ऑर्किड यांसाठी ती जागा चांगली.

एक चूक फार सर्रास दिसते. झाडाखालून निम्मेच ऊन उतरत असताना वर आणखी ५० टक्क्यांची शेडनेट ताणली जाते. दोन सावल्या एकमेकींवर चढल्या की रोपाच्या वाट्याला जेमतेम पाव ऊन उरते. त्यात आषाढाचे ढग आले की रोपे उंच, पांढुरकी, लुळी होतात आणि ओल न सुकल्याने बुंध्यापाशी कुजून कोलमडतात. अशा वेळी औषध मारण्याआधी जाळी काढून पाहावी.

आंब्याच्या थेट खाली तर हरितगृह घेऊच नये, मग जागा कितीही सोयीची वाटो. थंडीत मोहोर आला की त्यावर तुडतुडे येतात आणि चिकट द्रव गाळतात. तो छपरावर पडतो, त्याला धूळ चिकटते, मग त्यावर काजळीसारखी काळी बुरशी धरते. २०० मायक्रॉनचे पारदर्शक प्लॅस्टिक बघता बघता काळवंडते. ते मऊ कापडाने साबणाच्या पाण्यात धुवावे लागते, घासणी वापरली तर ओरखडे पडून प्रकाश आणखी घटतो. पुढे कैऱ्या आणि वाळक्या काटक्या पडून प्लॅस्टिक फाटते, पन्हळीत पाने तुंबतात. खांबांचे खड्डे खणताना झाडाची मुळे तुटतात ते वेगळेच. फांद्यांच्या घेरापासून दोन-तीन मीटर तरी बाहेर राहावे, आणि खड्ड्यात जाड मूळ लागले तर मुळावर कुऱ्हाड न घालता खांब सरकवावा.

सावली म्हणजे अडचणच, असेही मानायचे कारण नाही. सांगली-साताऱ्याकडच्या पानमळ्यांत नागवेल चढते ती शेवरी, हादगा, पांगारा, शेवगा यांच्या आधाराने. या झाडांची पाने विरळ, ऊन गाळून खाली सोडणारी. मळेकरी फांद्या छाटून ऋतूप्रमाणे ऊन-सावली कमीजास्त करतो. शहरातल्या बागेत एवढे कसब एकदम येणार नाही, पण दक्षिणेकडची एखादी खालची फांदी नीट छाटून घेतली तर हिवाळ्यात कितीतरी ऊन आत येते. अख्खे झाड पाडण्याची भाषा मात्र कोणी करू नये. शहरी भागात १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, बारा बाय वीस फुटांच्या प्लॅस्टिकसाठी जुने झाड घालवणे कुठल्याही हिशेबात बसत नाही.

मोजणीला खर्च शून्य. डिसेंबरात एखाद्या स्वच्छ दिवशी सकाळी नऊ, दुपारी साडेबारा आणि साडेतीन वाजता सावलीच्या कडेने फक्की टाकावी. तिन्ही रेघांच्या बाहेर उरते ती आपली जागा. डिसेंबरपर्यंत थांबणे शक्य नसेल तर झाडाची उंची काढावी आणि पुण्याच्या आसपास तिला ०.९ ने गुणावे. दुपारची रेघ तिथे येईल.

खरे तर हे काम विकणाऱ्याने करायला हवे. मावळात तळेगाव दाभाड्याच्या परिसरातली गुलाबाची पॉलिहाऊस मोकळ्या रानात उभी आहेत, तिथे झाडाच्या सावलीचा प्रश्न सहसा येत नाही. अनुदानाचे निकष आणि पन्हळ दक्षिणोत्तर ठेवण्यासारख्या सूचना अशा शेतकऱ्यासाठी आहेत, आणि ते योग्यच आहे. पण तोच सांगाडा लहान करून बंगल्याच्या आवारात बसवताना सावलीचा प्रश्न कोणी विचारत नाही. दापोली, राहुरी, अकोला आणि परभणी या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या भागासाठी घरगुती हरितगृहाची चार पानी पुस्तिका काढावी. दापोलीत जुलैचा अंधार आणि धो धो पाऊस सांभाळायचा असतो, अकोल्यात मेची होरपळ, त्यामुळे एकच पुस्तिका सगळ्यांना पुरणार नाही. आणि गृहसंस्थांनी हरितगृहाचे दरपत्रक मागवताना त्यात डिसेंबरच्या सावलीचा आराखडा जोडण्याची अट घालावी, तो नसेल तर आगाऊ रक्कम देऊ नये.