धारवाडचा शरद कोणासाठी?

दसऱ्याची सुटी लागताच हुबळी-धारवाडची सुखवस्तू कुटुंबे उटी-महाबळेश्वरची वाट धरतात, हा परिपाठ मला उफराटा वाटत आला आहे. कारण मुंबई-पुणेकर ज्या दिवसांत ऑक्टोबरच्या उकाड्याने हैराण होतात, नेमक्या त्याच दिवसांत समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंचीवरचे धारवाड सर्वांत प्रसन्न असते. येथल्या टेकाडांस पर्वत म्हणणे सह्याद्रीस रुचणार नाही, हे कबूल. परंतु पश्चिमेचा कलघटगीकडील वृक्षाच्छादित मलनाड आणि पूर्वेची नवलगुंदची काळी, सपाट जमीन यांच्या सरहद्दीवर हे गाव वसले असल्यामुळे, एकीकडे भाताच्या लोंब्या पिकत असताना दुसरीकडे हस्त-चित्रेच्या पावसाची ओल धरून रब्बी ज्वारीची पेरणी चाललेली, असा द्विविध शरद येथे एकाच दिवसात पाहावयास मिळतो.

विजयादशमीस येथे आपट्याऐवजी शमीची पाने, म्हणजे बन्नी, वाटतात. आणि ज्या पौर्णिमेच्या रात्री मराठी घरांत कोजागरीचे दूध आटते, त्याच दिवशी, शीगी हुण्णिवीस, शेतकरी कुटुंबे रानात जाऊन उभ्या पिकाची पूजा करतात, नैवेद्याचे घास ‘चरग’ म्हणून शेतभर उधळतात आणि बांधावरच पंगत मांडतात. मुंबई इलाख्याच्या अमदानीत कारकुनी-मास्तरकीसाठी येथे आलेल्यांच्या आम्हा वंशजांपैकी कितीजण त्या पंगतीस बसले असतील, याची शंकाच आहे! धारवाडच्याच साधनकेरीत घर करून मराठीभाषक द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले, जी. ए. कुलकर्णींनी येथेच इंग्रजी शिकवीत मराठी कथा लिहिल्या. भूमीशी नाते जडावे ते मुक्कामाने, सहलीने नव्हे.

म्हणूनच सुशोभीकरणाच्या नावाखाली येथल्या तळ्याकाठी कारंजी आणि रोषणाई उभारण्याचा उत्साह मला अनाठायी वाटतो. जलद बससाठी हुबळी आणि धारवाड या दोन्ही शहरांमधला रस्ता रुंदावताना दुतर्फाच्या वृक्षांचा बळी गेला, तो परत येणे नाही. निदान उरलेल्या टेकड्यांवर बिनशेतीचे परवाने देण्यास सरकारने सक्त मनाई करावी. आणि शाळांनी मुलांची सहल दूरच्या थंड हवेच्या ठिकाणी नेण्याऐवजी, आसपासच्या एखाद्या शेतकऱ्याची आगाऊ परवानगी घेऊन, हुण्णिवीच्या दिवशी त्याच्या बांधावर न्यावी. खर्च बसभाड्याचा, आणि शिदोरी घरची.