तळटिपेबाहेरचे श्रम

एखाद्या ग्रंथाचा प्रभाव त्याच्या उल्लेखांच्या संख्येवरून मोजावा, ही कल्पना निदान साहित्याच्या अभ्यासकाला तरी संशयास्पद वाटायला हवी. मोल्सवर्थचा कोश (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) हाताशी घेतल्यावाचून एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्य नीट वाचता येत नाही. शं. ग. दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' चाळल्यावाचून १९५० पूर्वीच्या पुस्तकाचा माग लागणे कठीण. पण ही दोन नावे आपल्या विभागात सादर झालेल्या प्रबंधांच्या संदर्भसूचीत किती वेळा आढळतात, हे ज्याने त्याने चार प्रबंध उघडून पाहावे. ज्याच्याशी वाद घालायचा, किंवा ज्याचा आधार दाखवून आपले मत भारदस्त करायचे, त्याचा उल्लेख होतो. ज्याच्या जोरावर वाचनच शक्य झाले त्याचा होत नाही. संदर्भसूची ही मतांच्या देवघेवीची वही आहे. हत्यारांची नोंद तिच्यात ठेवण्याचा रिवाज कधी नव्हताच.

विज्ञानाच्या क्षेत्रात मात्र हत्यारांचे मोल आता ह्याच वहीवरून ठरवले जात आहे. हत्यारे म्हणजे येथे मुक्त स्रोत वैज्ञानिक सॉफ्टवेअर: ज्यांची मूळ संहिता कोणालाही वाचता, बदलता आणि विनामूल्य वापरता येते अशा आज्ञावली. आकडेमोड, आलेख, संख्याशास्त्रीय चाचण्या, दुर्बिणीतून आलेल्या विदेची छाननी ही सारी कामे आज बव्हंशी त्यांच्यावरच चालतात. त्या लिहिणाऱ्यांना विद्यापीठ विचारते, "तुमचा शैक्षणिक प्रभाव किती?" आणि उत्तरादाखल उल्लेखांचा आकडा मागते. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न चुकीच्या वहीला विचारलेला आहे, आणि ह्या चुकीवर आज जो उपाय सुचवला जातो तो मूळ दुखण्याहून फारसा बरा नाही.

१० एप्रिल २०१९ रोजी एम-८७ ह्या दीर्घिकेच्या केंद्रातील कृष्णविवराची प्रतिमा जगासमोर आली. वर्तमानपत्रांनी ती पहिल्या पानावर छापली. त्या प्रतिमेमागच्या कामात नमपाय, सायपाय, मॅटप्लॉटलिब ही पायथन भाषेतील मुक्त स्रोत साधने होती, आणि शोधनिबंधांत त्यांची नावे रीतसर नोंदलेलीही आहेत. त्यानंतर अवघ्या पाच दिवसांनी अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने ह्याच साधनांच्या जोपासनेसाठी केलेला अनुदानाचा अर्ज फेटाळला. कारण काय, तर ह्या सॉफ्टवेअरचा पुरेसा प्रभाव नाही! 'नेचर'ने त्याच वर्षी ही हकीकत छापली तेव्हा अनेकांना ती विनोदी वाटली. मला ती विनोदी वाटत नाही, कारण परीक्षक नियमांबाहेर गेले असे मानायला जागा नाही. प्रभाव म्हणजे काय ह्याची जी व्याख्या त्यांच्या हाती होती, तिच्याशी ते प्रामाणिक राहिले असावेत.

ती व्याख्या काय करते हे मॅटप्लॉटलिबच्या उदाहरणात स्पष्ट दिसते. जॉन हंटर हे मेंदूविज्ञानाचे संशोधक. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्-नोंदी पडद्यावर पाहता याव्यात म्हणून २००३ च्या सुमारास त्यांनी हे आलेख काढण्याचे साधन लिहायला घेतले. २००७ साली त्याविषयी एक निबंध एकट्याच्या नावाने प्रसिद्ध केला. ऑगस्ट २०१२ मध्ये कर्करोगाच्या आजारात त्यांचे निधन झाले. आजही मॅटप्लॉटलिब वापरणाऱ्याने त्याच २००७ च्या निबंधाचा उल्लेख करावा, असे प्रकल्पाचेच सांगणे आहे. त्यात कृतज्ञता आहे आणि तिच्याविषयी कोणाची तक्रार असू नये. पण ह्या उल्लेखांकडे मोजमाप म्हणून पाहिले तर काय दिसते? हंटर यांच्यामागे मायकेल ड्रोएटबूम, टॉमस कॅसवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे दोष दुरुस्त केले, संहितेचे भागच्या भाग नव्याने लिहिले, पायथनची नवी आवृत्ती आली तेव्हा सारे घर नव्या जागी हलवावे तसे ते साधन हलवले. आणि ह्या सगळ्या श्रमांची पोच एका दिवंगत माणसाच्या खात्यावर जमा होत राहिली. ज्याला आज पगाराची, पदाची गरज आहे त्याचे खाते रिकामे. पाठ्यसमीक्षा शिकलेल्या वाचकाला हा गोंधळ ओळखीचा वाटेल. पिढ्यानुपिढ्या अनेक हातांनी घडत गेलेली पोथी एकाच कर्त्याच्या नावावर मांडायची, आणि मग मधल्या लेखकूंचा वाटा काय असे विचारायचे, असा हा प्रकार आहे.

नमपायचा गोंधळ उलट दिशेचा. तेथे पोथी एक आणि नावे अनेक. कोणी ट्रॅव्हिस ऑलिफंट यांच्या २००६ च्या मार्गदर्शिकेचा उल्लेख करी, कोणी २००७ च्या लेखाचा, कोणी २०११ च्या दुसऱ्याच तिघांच्या लेखाचा, आणि पुष्कळ जण कशाचाच नाही. सप्टेंबर २०२० मध्ये 'नेचर'मध्ये सव्वीस लेखकांचा निबंध आला, आणि उल्लेखांचा ओघ तिकडे वळला. आता आकड्यांवर विसंबणाऱ्याने सांगावे: सुमारे पंधरा वर्षे विज्ञानाच्या शाखाशाखांत वापरात असलेल्या साधनाचा प्रभाव २०२० साली अचानक वाढला काय? वापर होता तेथेच होता. बदलले ते एवढेच, की त्याला मोजणाऱ्याच्या ओळखीचा पोशाख मिळाला.

आकडा फुगतो तेव्हाही तो काही सांगत नाही. जॉर्ज शेल्ड्रिक यांनी स्फटिकांची रचना उलगडणारी शेलएक्स ही आज्ञावली लिहिली. (ती विद्यापीठीय वापरासाठी विनामूल्य आहे, काटेकोर अर्थाने मुक्त स्रोत नव्हे.) २००८ साली त्यांनी तिचा छोटासा इतिहास 'अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका' ह्या नियतकालिकाच्या 'अ' विभागात लिहिला, आणि आज्ञावली वापरणाऱ्यांनी ह्या निबंधाचा उल्लेख करावा असे त्यातच सुचवले. झाले असे, की त्या एका निबंधामुळे नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर दोनच्या आसपास होता तो २००९ साठी ४९.९ वर गेला. त्या वर्षी त्या नियतकालिकात निबंध छापून आलेल्या इतर सज्जनांच्या कामाचा दर्जा चोवीस पटींनी वाढला, असे कोणी म्हणणार असेल तर माझे काही म्हणणे नाही.

हे सारे अपवाद आहेत, असेही म्हणता येणार नाही. जेम्स हॉविसन आणि जूलिया बुलार्ड यांनी जीवशास्त्रातील नव्वद निबंध तपासून २०१६ साली निष्कर्ष मांडला, की सॉफ्टवेअरच्या उल्लेखांपैकी ३१ ते ४३ टक्केच उल्लेख रीतसर संदर्भाच्या रूपात असतात. उरलेले मजकुरात कोठेतरी नाव टाकून मोकळे होतात. शिवाय हे झाले नाव घेतलेल्यांविषयी. ज्याचे नावही आले नाही ते कोणत्याच मोजणीत सापडत नाही.

ह्यावर उपाय म्हणून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट अशी, की सॉफ्टवेअरला निबंधाचे रूप द्यावे. २०१६ पासून 'जर्नल ऑफ ओपन सोर्स सॉफ्टवेअर' हे नियतकालिक तेच करते. तेथे परीक्षक संहिता खरोखर चालवून पाहतात, परीक्षण उघड्यावर होते, आणि सोबत एक छोटा निबंध छापला जातो. त्या परीक्षणाविषयी मला आदर आहे. पण आदर्श जगात अशा निबंधांची गरज पडू नये, हे ते चालवणाऱ्यांनीच मोकळेपणाने मान्य केले आहे. विद्यापीठात चालणारे नाणे निबंधाचे, म्हणून आपले धान्य त्या नाण्यात बदलून घ्यायचे. तडजोड म्हणून हे समजण्यासारखे आहे; सिद्धान्त म्हणून कोणी ते मांडू लागले की आक्षेप घ्यावा लागतो.

दुसरी वाट नव्या आकड्यांची: किती वेळा उतरवून घेतले, किती जणांनी पसंतीची चांदणी दिली. उतरवून घेण्याचे आकडे बरेचसे यंत्रेच वाढवतात. कोठल्यातरी चाचणीयंत्रणेने दर बदलागणिक तेच साधन पुन्हा पुन्हा आणले तरी प्रत्येक खेप मोजली जाते. ह्या घाईत एक प्रयत्न मात्र विचार करण्याजोगा झाला. २०१५ मध्ये डेप्सी नावाच्या प्रकल्पाने पायथन आणि आर ह्या भाषांतील साधने एकमेकांवर किती विसंबून आहेत हे तपासण्याचा मार्ग धरला. एखादे लहानसे साधन कोणाच्याच निबंधात येत नसेल, पण शंभर मोठी साधने त्याच्यावर उभी असतील, तर ते दिसायला हवे, ही दृष्टी योग्य होती. तिचाही शेवट अखेर क्रमवारीत झाला, हे तिचे दुर्दैव.

"हा सगळा विज्ञानवाल्यांचा घरगुती तंटा, साहित्याच्या विभागाला त्याचे काय?" असे विचारणाऱ्यांसाठी थोडे विषयांतर करतो. २०१३ साली रॉबर्ट गॅलब्रेथ ह्या नावामागे जे. के. रोलिंग आहेत हे उघडकीला आले, त्यात पॅट्रिक ज्युओला यांनी जेगॅप ह्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरने केलेल्या शैलीमापनाचा हात होता. तेव्हापासून 'संगणकीय विश्लेषणातून असे दिसते' हे वाक्य आपल्याकडील निबंधांतही येऊ लागले आहे. कोणत्या साधनाच्या, कोणत्या आवृत्तीच्या, कोणत्या मांडणीच्या विश्लेषणातून? सायकिट-लर्न हे पायथनमधील अतिशय लोकप्रिय साधन मजकुराचे शब्द पाडताना मूळ मांडणीत अक्षरांनाच शब्दाचा भाग मानते; देवनागरीतील काना, वेलांटी, अनुस्वार ही चिन्हे त्याच्या लेखी शब्दाबाहेरची, आणि एकटे उरलेले अक्षर ते टाकून देते. परिणामी 'कादंबरी' ह्या शब्दाचा 'बर' होतो आणि 'कविता'चा 'कव'. मांडणी न बदलता एखाद्याने शंभर मराठी कादंबऱ्यांची शब्दगणना केली, तर त्याच्या हाती सुबक तक्ते येतील आणि ते तक्ते 'बर' आणि 'कव' यांचे असतील.

आता हा 'प्रभाव' कोणत्या आकड्यात बसवायचा? उल्लेख झाला तर तो साधनाच्या श्रेयात एकाने भर घालील, आणि निष्कर्ष खोटा असेल. उलट, कोणी ही अडचण हेरून देवनागरीसाठी शब्द पाडण्याचा नियम चार ओळींत दुरुस्त करील, त्या चार ओळींनी मराठीवरचे कितीतरी संशोधन वाचेल, आणि त्याची गणना कोठेही होणार नाही. चार ओळींवर निबंध लिहिता येत नाही.

मग काय, काहीच मोजू नये? निवडसमितीला दोनशे अर्ज पाहायचे असतात, वेळ नसतो, आकडा निदान निःपक्षपाती असतो, हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकला आहे. वेळ नसतो हे खरे. निःपक्षपातीपणाचे तसे नाही. ज्या कामाला निबंधाचे रूप येते त्याच्या बाजूने हा आकडा आधीच झुकलेला असतो. शिवाय नुसत्या तक्त्यातील रकाने बदलून भागत नाही, ह्याचाही दाखला आहे. संशोधनाच्या मूल्यमापनात सॉफ्टवेअरसारख्या फलितांचाही विचार व्हावा, असे २०१२ च्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने सांगितले. जानेवारी २०१३ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने आपल्या अर्जातील 'प्रकाशने' हा शब्द काढून 'फलिते' असा व्यापक शब्द घातला, आणि त्यात सॉफ्टवेअर धरले. वर सांगितलेला नकार त्याच संस्थेने सहा वर्षांनंतर दिला. रकाना होता, त्यात काय लिहिले आहे ते वाचण्याची सवय नव्हती.

आपल्याकडे तर रकान्यांचा अनुभव ताजा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली प्राध्यापकांसाठी गुणांकन आणले, आणि गुण मिळवून देणारी नियतकालिके पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. ती आवरण्यासाठी २०१९ मध्ये 'केअर' यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. ज्यांनी हा सारा खेळ सोसला त्या मराठीच्या प्राध्यापकांनी आता सॉफ्टवेअरकर्त्यांना 'तुमचा आकडा काय' असे विचारू नये, एवढी अपेक्षा अवास्तव नसावी.

विचारायचे तर वेगळे विचारावे. हे साधन नसते तर कोणते काम अडले असते? त्याच्यावर आणखी काय उभे आहे? गेल्या दोन वर्षांत त्यातील दोष कोणी दुरुस्त केले, आणि त्या माणसाला कोण पगार देते? संहितेतील प्रत्येक बदल कोणी, केव्हा केला याची तारीखवार नोंद ह्या प्रकल्पांत उघडी असते. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला हेवा वाटावा अशी. ती वाचायला एक दुपार पुरते. आणि विद्यार्थ्याच्या बाजूने करायचे ते याहून सोपे आहे. आर ह्या भाषेत तर साधनाचा उल्लेख कसा करावा हे सांगणारी आज्ञाच अंगभूत आहे. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात साधनाचे नाव, आवृत्तीचा क्रमांक, शब्द पाडण्याचा नियम आणि वगळलेल्या शब्दांची यादी इतके आले नाही, तर मौखिक परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत दुसरा विचारू नये.