शाडूसाठी साचा प्लास्टरचाच घ्या

श्रावण लागला की आमच्या गल्लीतली मुलं माझ्याकडे शाडूचे गणपती करायला येतात. हल्ली पालक सोबत सिलिकॉनचा मऊ साचा देतात, 'सगळ्याला चालतो' म्हणून दुकानदाराने दिलेला. मला हे पटत नाही. सिलिकॉन पाणी शोषत नाही. माती आत ओलीच राहते आणि साचा सोलताना सोंड, बोटं तुटून येतात. मूल हिरमुसतं आणि दोष मातीला लागतो! प्लास्टर ऑफ पॅरिसचा कोरडा साचा मातीतलं पाणी ओढून घेतो. माती किंचित आकसते आणि कडेपासून सुटते. सोंडेमागे, हाताखाली ती अडकते, म्हणून साचा दोन किंवा अधिक तुकड्यांचा हवा. माती अंगठ्याने दाबत एकसारख्या जाडीची बसवा, पोट पोकळ ठेवा. एक मूर्ती काढल्यावर साचा नीट वाळू द्या. भिजलेला साचा माती सोडत नाही. मेण किंवा साबण ओतायचा असेल, तर सिलिकॉन उत्तमच.

प्लास्टर म्हणताच काहीजण प्रदूषणाच्या भीतीने दचकतात. पण विसर्जन मूर्तीचं होतं. साचा पुढच्या वर्षासाठी घरातच राहतो. पालकांनो, यंदा पेणच्या किंवा जवळच्या मूर्तिकाराकडे प्लास्टरचा साचा मागून बघा.