पाचच पॉइंट

पालकहो, मुलांचा 'डायब्लो २' (२०००) हा खेळ एकदा शेजारी बसून पाहा. त्यात प्रत्येक नव्या लेव्हलला पाचच पॉइंट मिळतात. ताकद, चपळाई, जीवनशक्ती आणि मंत्रशक्ती यांत ते वाटायचे. सगळीकडे सारखे वाटले, तर आपला वीर ना धड योद्धा, ना धड मांत्रिक! २०१० पर्यंत तर एकदा दिलेला पॉइंट परतही घेता येत नसे.

आपण मात्र पोहणे, पियानो, बुद्धिबळ, जादा गणित आणि मराठी, सगळे एकाच शनिवार-रविवारी भरतो. आम्हाला वाटते, यादी छोटी करावी आणि निवड मुलांना करू द्यावी. मराठी गळली तर वाईट वाटेलच. पण मुलाने आपणहून मराठीला दिलेला एक पॉइंट आपण लादलेल्या पाचांपेक्षा जास्त टिकेल.