विश्लेषण : गुआमचे फळकबुतर एका सापामुळे कसे संपले? आता शेजारच्या बेटांना धोका का?

जपानमधील ओकिनावा बेटावर तैनात असलेल्या अमेरिकी मरीन सैनिकांची पहिली छोटी तुकडी डिसेंबर २०२४ मध्ये पश्चिम प्रशांत महासागरातील गुआम बेटावर हलवण्यात आली. पुढील काही वर्षांत सुमारे पाच हजार सैनिक येथे येणार आहेत. शेजारच्या टिनियन बेटावर अमेरिकी हवाई दलाने दुसऱ्या महायुद्धातील धावपट्ट्या जंगलातून पुन्हा मोकळ्या करायला घेतल्या आहेत. या हालचालींकडे चीनला शह म्हणून पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. पण सैन्याबरोबर सामानही येते-जाते. मारियाना द्वीपसमूहातील एका छोट्या कबुतराचे भवितव्य या सामानाच्या वाहतुकीशी बांधले गेले आहे.

हे कबुतर कोणते?

मारियाना फळकबुतर जेमतेम २४ सेंटीमीटर लांबीचे आहे. डोक्यावर गुलाबी टोपी, मान-छाती राखाडी, पंख हिरवे, पोट पिवळे. स्थानिक चामोरो भाषेत त्याला ‘टोटोट’ म्हणतात. सायपान, टिनियन, रोटा आणि अग्विहान ही त्याची बेटे; जगात इतरत्र ते निसर्गतः आढळत नाही. उत्तर मारियाना बेटांचा हा अधिकृत पक्षी आहे. मादी एका वेळी एकच अंडे घालते, त्यामुळे संख्या घटली की ती भरून यायला वेळ लागतो. गुआममध्येही हे कबुतर होते. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तिथून नाहीसे झाले.

साप आला कुठून?

ब्राऊन ट्री स्नेक हा साप मूळचा ऑस्ट्रेलिया, पापुआ न्यू गिनी आणि आसपासच्या बेटांवरचा. आपल्याकडच्या मांजऱ्या सापाच्याच प्रजातीकुळातला. तसाच निशाचर, झाडांवर चढणारा आणि सौम्य विषारी. महायुद्ध संपल्यावर, १९५०च्या सुमारास, तो बहुधा मानुस बेटाकडून येणाऱ्या लष्करी सामानात लपून गुआमला पोहोचला. जनुकीय अभ्यासही तिकडेच बोट दाखवतात. गुआममध्ये या सापाला आवरणारा शिकारी नव्हता आणि अशा सापापासून पिल्ले कशी वाचवायची, हे तिथल्या पक्ष्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

पक्षी आधी बेटाच्या दक्षिणेकडून आणि मग हळूहळू उत्तरेकडून गायब होत गेले. सुरुवातीला संशय कीटकनाशकांवर आणि रोगावर होता. ज्युली सॅव्हिज या संशोधक महिलेने हे पर्याय एकेक करून तपासले आणि १९८७ मध्ये सापाकडे बोट दाखवणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. एवढी पक्षीसृष्टी एकट्या सापाने खाऊन टाकली, हे तेव्हा अनेक तज्ज्ञांच्याही पचनी पडले नव्हते. गुआमच्या जंगलातील १२ मूळ पक्षी जातींपैकी १० तिथून नष्ट झाल्या.

पक्षी संपल्यावर साप उपाशी का मेले नाहीत?

ही गोष्ट मुळाशी आहे. साप फक्त पक्ष्यांवर जगत असता, तर पक्षी कमी होताच तोही घटला असता आणि उरल्यासुरल्या पक्ष्यांना सावरायला उसंत मिळाली असती. पण गुआममध्ये पाली, सरडे आणि उंदीर मुबलक आहेत. त्यांच्यावर सापांची फौज टिकून राहिली आणि वाटेत सापडलेले प्रत्येक घरटे रिकामे होत गेले. विजेच्या तारांवर चढणाऱ्या या सापांमुळे १९७८ ते १९९७ या काळात गुआममध्ये सोळाशेहून अधिक वेळा वीज गेली.

कबुतर गेल्याने जंगलाचे काय बिघडले?

सगळी कबुतरे बिया पसरवत नाहीत. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियालही फळांवरच जगतो. पण त्याच्या पोटातली पेषणी दणकट असते आणि उंबर-वडाच्या पुष्कळशा बिया तिथे भरडल्या जातात. फळकबुतराचे उलट आहे. ते फळ अख्खे गिळते, गर पचवते आणि बी शाबूत बाहेर टाकते, तेही मूळ झाडापासून दूर. गुआममध्ये हे काम करणारे पक्षी जवळपास सर्वच गेले, फळे खाणारी वटवाघळेही नाममात्र उरली. त्यामुळे फळे झाडाखालीच पडतात आणि तिथेच कुजतात. दोन स्थानिक झाडांच्या नव्या रोपांचे प्रमाण यामुळे ६१ ते ९२ टक्क्यांनी घटले असावे, असा अंदाज ‘नेचर कम्युनिकेशन्स’मधील २०१७ च्या अभ्यासात मांडला गेला. कीटकभक्षी पक्षीही नसल्याने पावसाळ्यात गुआमच्या जंगलात कोळ्यांची संख्या शेजारच्या बेटांच्या ४० पटींपर्यंत गेल्याची नोंद आहे.

सापावर इलाज काय?

सर्वाधिक गाजलेला उपाय म्हणजे हेलिकॉप्टरमधून टाकलेले मेलेले उंदीर. ताप आल्यावर आपण घेतो ते पॅरासिटामॉल या सापाला जीवघेणे ठरते. ८० मिलिग्रॅम, म्हणजे ५०० च्या गोळीचा सहावा हिस्साही नाही, एवढी मात्रा पुरते. २०१३ मध्ये अँडरसन हवाई तळाच्या परिसरात असे दोन हजार उंदीर सोडले गेले, झाडांच्या शेंड्यांत अडकावेत म्हणून छोट्या छत्र्या बांधून. याने मर्यादित क्षेत्रातले साप कमी होतात. पण संपूर्ण बेट मोकळे करणे अजून कुणालाही जमलेले नाही. सापही काही कमी नाही. घरट्यांच्या खांबांना बसवलेले गुळगुळीत धातूचे नळकांडे तो शरीराचा फास करून चढतो, हे २०२१ मध्ये उघड झाले.

म्हणून खरा भर आहे तो साप गुआमबाहेर पडू न देण्यावर. विमानतळ आणि बंदरांवर प्रशिक्षित कुत्री सामान हुंगतात, कुंपणांवर सापळे लावलेले असतात. अमेरिकी काँग्रेसने २००४ मध्ये यासाठी स्वतंत्र कायदाही केला. १९८१ ते १९९८ दरम्यान हवाईत असे आठ साप सापडले होते. सायपानवर साप दिसल्याच्या अनेक नोंदी आहेत. तिथे त्याची वसाहत झाल्याचा पुरावा मात्र मिळालेला नाही.

मग आता चिंता कशाची?

बांधकामाचे साहित्य, यंत्रे, वाहने, कंटेनर अशी जितकी अधिक ये-जा, तितक्या सापाला लपायला जागा. सराव आणि बांधकामासाठी गुआमहून टिनियनला जाणाऱ्या प्रत्येक खेपेची तपासणी व्हायला हवी. त्यासाठी कुत्री, माणसे आणि निधी वाहतुकीच्या वेगाने वाढले नाहीत तर कायदा कागदावरच राहील. लष्कर या कामासाठी पैसे देते, हे खरे. पण घाईच्या काळात, वादळानंतरच्या मदतकार्यात किंवा युद्धसदृश स्थितीत तपासणीच सर्वांत आधी ढिली पडते. वादळे इथे नवी नाहीत. २०१८ मधील ‘युटू’ने सायपान आणि टिनियनला झोडपून काढले होते. अशा वादळात झाडांवरची फळेच झडली, तर त्यांच्यावर जगणाऱ्या पक्ष्याची आबाळ होते.

साप पोहोचलाच तर, यासाठी काही तयारी आहे?

आहे. उत्तरेकडील सारिगन या निर्मनुष्य बेटावरील शेळ्या आणि डुकरे १९९८ मध्ये हटवल्यानंतर तिथले जंगल सावरले. गेल्या दशकात सायपानवरील काही फळकबुतरे पकडून तिथे सोडण्यात आली, म्हणजे एका बेटावर आपत्ती आली तरी जात उरेल. अमेरिकेतील काही प्राणिसंग्रहालयांतही ही कबुतरे पाळली जातात. गुआमच्या खंड्याबाबत, म्हणजे ‘सिहेक’बाबत, हाच मार्ग उपयोगी पडला. १९८८ पासून निसर्गात नामशेष असलेल्या या पक्ष्याचे नऊ जीव २०२४ मध्ये पालमायरा या दूरच्या, सापमुक्त बेटावर सोडले गेले.

‘कोको’ या गुआमच्या न उडणाऱ्या पाणकोंबडीलाही असेच गुआमलगतच्या कोकोस या चिमुकल्या बेटावर वसवण्यात आले होते. २०२० मध्ये त्या बेटावरही ब्राऊन ट्री स्नेक सापडला.