म्यू-नॉट पाठ करण्याआधी

सुलतानपूरहून लोणारकडे जाताना दिसणारा काळा खडक म्हणजे बेसाल्ट. त्यात लोह-टायटॅनियमची ऑक्साइडं असतात. लाव्हा थंड होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तेव्हाची दिशा त्यांनी धरून ठेवली. हा खडक अभ्यासताना दोन एककं लागतात. मॅग्नेटोमीटर घेऊन जमिनीवर फिरलं की क्षेत्र नॅनोटेस्लात मिळतं. आपल्या भागात ते 40 हजारांच्या वर असतं. त्याच खडकाचा तुकडा प्रयोगशाळेत नेला, तर त्याचं चुंबकन अँपिअर प्रति मीटरमध्ये नोंदवतात. अकरावीची मुलं दोन्हींना सरसकट ‘चुंबकत्व’ म्हणून मोकळी होतात. एकक वाचणाऱ्याला मात्र लगेच कळतं की या दोन वेगळ्या राशी आहेत आणि त्यांच्या मध्ये म्यू-नॉट (μ₀, निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक) उभा आहे.

म्हणूनच मला वाटतं, मितींचा, म्हणजे राशी मूळ राशींत मोडून पाहण्याचा, धडा अकरावीच्या पहिल्या प्रकरणात उरकून टाकू नये. आज तसंच होतं. वर्षअखेरीस विद्युत आणि चुंबकत्व येतं, तोवर मिती विसरलेल्या असतात. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेली मुलं इंग्रजी पुस्तकातली सूत्रं नुसती घोकत बसतात. त्यांना खरी गरज असते ती समोरची राशी ओळखण्याच्या साधनाची.

एक उदाहरण फळ्यावर मांडून पाहा. विद्युतक्षेत्राला चुंबकीय क्षेत्रानं भागलं तर काय मिळेल? विद्युतक्षेत्र म्हणजे न्यूटन प्रति कूलोम. टेस्ला म्हणजे न्यूटन प्रति अँपिअर-मीटर. अँपिअर म्हणजे सेकंदाला एक कूलोम, तो घाला. न्यूटन गेला, कूलोम गेला, उरलं मीटर प्रति सेकंद. हा तर वेग! कोणाचा? दोन्ही क्षेत्रं एकमेकांना काटकोनात ठेवली, तर त्यांतून न वळता सरळ जाणाऱ्या विद्युतभारित कणाचा. 1897 मध्ये जे. जे. थॉमसन यांनी कॅथोड किरणांचा वेग याच युक्तीनं काढला.

आता म्यू-नॉट आणि एप्सिलॉन-नॉट (ε₀, निर्वाताचा विद्युत स्थिरांक) यांचा गुणाकार घ्या. पहिल्याचं एकक हेन्री प्रति मीटर, दुसऱ्याचं फॅरड प्रति मीटर. हेन्री म्हणजे ओहम-सेकंद, फॅरड म्हणजे सेकंद प्रति ओहम. ओहम कटतो आणि सेकंदाचा वर्ग भागिले मीटरचा वर्ग राहतो. उलटा करून वर्गमूळ काढलं की पुन्हा वेगच! 1856 मध्ये वेबर आणि कोलराऊश यांनी विजेच्या प्रयोगांतून असाच एक वेग मोजला होता. पुढे मॅक्सवेल यांना दिसलं की तो आकडा प्रकाशाच्या वेगाशी जुळतो, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे, या निष्कर्षाला त्यातूनच बळ आलं. हे वर्गात सांगायला पाच मिनिटं पुरतात. ती न देणं मला अन्यायाचं वाटतं.

या पद्धतीला मर्यादा आहेत, त्याही त्याच तासाला सांगाव्यात. सूत्रातला 2 की 4π हे मिती सांगत नाही. ऊर्जा आणि बलाघूर्ण दोन्हींची मिती एकच, पण राशी निराळ्या. आणि गाऊसच्या जुन्या एककपद्धतीत विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांची मितीच सारखी धरलेली आहे, तिथं वरचा भागाकार नुसती संख्या देतो. कुलाबा वेधशाळेचं चुंबकीय काम 1904 मध्ये अलिबागला गेलं, तेव्हा टेस्ला हे एकक जन्मालाही आलं नव्हतं. त्या काळच्या नोंदी हाती घेताना म्हणून आधी एककपद्धती कोणती ते विचारावं, मिती त्यानंतर.