आयपीएचं विरजण

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, असं नुसतं म्हटलं तरी गप्पा सुरू होतात त्या हॉप्सच्या. सिट्रा की मोझॅक, आंब्याचा वास की संत्र्याचा, कडवटपणा किती! यीस्टचं नाव कुणी काढत नाही. लग्नात नवरीच्या शालूवर तासभर चर्चा होते, पण मांडवामागच्या आचाऱ्याला कोण विचारतं? जेवण बिघडलं की मात्र सगळ्यांना तोच आठवतो.

माझा मावसभाऊ एडिसनला, न्यू जर्सीत असतो. गेल्या जुलैत त्याने पहिल्यांदा घरी आयपीए केली. महागातले हॉप्स, उत्तम माल्ट, सगळं एकदम सही. दोन आठवड्यांनी बाटली उघडली तर नेलपॉलिश रिमूव्हरचा वास! 19 लिटर बिअर सिंकमध्ये गेली. वाशिंदला माझा फोन वाजला. "ताई, मी हा नाद सोडतोय. सामान विकून टाकतो."

त्याला पहिला प्रश्न विचारला, "बादली कुठे ठेवली होतीस?" उत्तर आलं, "किचनमध्ये. एसी नाही, तीस डिग्री असेल." तिथेच उलगडा झाला. त्याने नेहमीचं यूएस-05 यीस्ट वापरलं होतं. स्वभावाने ते सरळ. स्वतःची चव फारशी मिसळत नाही, त्यामुळे हॉप्स खुलून येतात. पण ते खरं रमतं 18 ते 20 डिग्रीत. त्यातून आंबताना बिअर स्वतःही तापते, म्हणजे खोली तीस असली की बादलीच्या आत त्याहून जास्त. अशा उकाड्यात यीस्ट बिथरतं आणि नको ते वास सोडतं.

हे कळायला केमिस्ट्रीची डिग्री लागत नाही. आपल्याकडे मे महिन्यात विरजण चार तासांत लागतं, जरा उशीर झाला की दही आंबट. डिसेंबरात तेच पातेलं आपण गोधडीत गुंडाळून ठेवतो. विरजण तेच, घर तेच, बदललेला असतो तो पारा.

मग यीस्ट कोणतं?

फंडा सोपा आहे. हॉप्स आपल्या जिभेला विचारून घ्या, यीस्ट मात्र घराच्या थर्मामीटरला विचारून. घर 18 ते 20 डिग्री राहत असेल तर यूएस-05. थोडा फळांचा गोडसर वास आणि इंग्लिश वळण हवं असेल तर एस-04, त्यालाही गारवाच लागतो. घर तापत असेल तर क्वाइक. नॉर्वेतले शेतकरी हे यीस्ट लाकडी कड्यांवर वाळवून पिढ्यान्‌पिढ्या जपत आले. थेट आपल्या विरजणासारखं! त्यातलं व्हॉस जातीचं यीस्ट 35 ते 40 डिग्रीतही मजेत काम करतं आणि संत्र्याच्या सालीचा हलका वास देतं. तो सिट्रा, कॅस्केडसारख्या हॉप्सशी छान जमतो.

यूएस-05चाच हट्ट असेल तर माठाची युक्ती. बादली पाण्याच्या टबात उभी करायची, भोवती ओलं फडकं गुंडाळायचं आणि सकाळ-संध्याकाळ बर्फाच्या बाटल्या टबात सोडायच्या. पण ऑफिसला जाणाऱ्या माणसाने घराशी भांडण्यापेक्षा यीस्ट बदलावं, असं माझं मत.

बाकीचं सामान

19 लिटरसाठी त्याला दिलेली यादी अशी. पेल एल माल्ट 5 किलो, हलकं क्रिस्टल माल्ट पाव किलो. क्रिस्टल याहून वाढवलं की गोडवा हॉप्सवर चढतो. कडूपणासाठी 20 ग्रॅम मॅग्नम, तासभर उकळायचं. शेवटच्या दहा मिनिटांत 30 ग्रॅम कॅस्केड. गॅस बंद करून 80 डिग्रीवर आल्यावर 50 ग्रॅम सिट्रा. आंबणं संपत आलं की सिट्रा आणि कॅस्केड प्रत्येकी 50 ग्रॅम, तीन दिवस. यीस्ट एक पाकीट. बिअर साधारण 6 टक्क्यांची होते.

वास हवा असेल तर हॉप्स उशिरा टाका. लवकर टाकले की कडूपणा राहतो आणि वास वाफेबरोबर उडतो. फोडणीत टाकलेली कोथिंबीर आणि वरून भुरभुरलेली कोथिंबीर, इतका फरक! हॉप्स फ्रीजरमध्ये ठेवायचे. पाकिटाला जुन्या चीजचा वास आला तर सरळ कचऱ्यात. नळाच्या पाण्यातलं क्लोरिन आधी काढायचं, नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. एवढ्या पाण्याला अर्धी कॅम्पडेन गोळी पुरते.

आणि आपण इथे?

मंडळी, लगेच बादली शोधायला उठू नका. अमेरिकेत 1978च्या कायद्याने स्वतःपुरती बिअर घरी करायची मुभा दिली. एकट्या सज्ञान माणसाला वर्षाला 100 गॅलन, विकायची नाही. आपल्याकडे 1949चा महाराष्ट्र दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय बिअर बनवणं हा गुन्हा आहे, मग ती एकट्यासाठी का असेना. गंमत बघा. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या हॉजसनची बिअर कंपनीच्या जहाजांतून मुंबईला यायची. हॉप्समुळे प्रवासात टिकायची. नावात इंडिया आहे, पण इंडियातल्या माझ्या किचनला परवानगी नाही! वाशिंदचा उन्हाळा व्हॉससाठी अगदी फिट, पण माझ्या घरी आंबतं ते इडलीचं पीठच.

तरी शिकायला कुणाची बंदी नाही. पुण्यात 2009 साली डूलाली सुरू झाली, मग मायक्रोब्रुअरीज वाढत गेल्या. पुढच्या वीकेण्डला अशा ठिकाणी गेलात तर "हॉप्स कोणते?" एवढ्यावर थांबू नका. "यीस्ट कोणतं, आणि किती डिग्रीला आंबवलं?" हेही विचारा. ब्रुअर मनापासून काम करणारा असेल तर त्याचा चेहरा खुलेल. मांडवामागे जाऊन आचाऱ्याला दाद देणारा पाहुणा रोज थोडाच भेटतो!

मावसभावाने सामान विकलं नाही. ऑगस्टच्या उकाड्यात व्हॉसवर दुसरी बॅच लावली. त्याचा मेसेज दोनच शब्दांचा होता : "ताई, संत्रं!"